हरणापर्यंतचं अंतर

वेडे राघू परत आलेत. समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर एक जुनी अँटेना आहे, तिच्यावर सकाळी ओळीने बसतात. मधेच एखादा सुटतो, हवेतल्या हवेत माशी धरतो, पुन्हा आपल्याच जागी येऊन ती अँटेनावर आपटतो. आपटल्याचा आवाज आमच्या कॉरिडॉरपर्यंत येत नाही. पण दुर्बिणीतून बघताना तो ऐकू आल्यासारखा वाटतो, आणि मी दर वेळी दचकते. इतका देखणा हिरवा-निळा पक्षी आणि इतकं निवांतपणे आपटून मारणं!

सिंगापूरला ऋतू नसतात, असं पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा आम्हाला ऐकवतो. खोटं आहे ते. ह्या दिवसांत आमच्या हौगांगला येऊन उभे राहा. समुद्रापलीकडून जळक्या गवताचा वास येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना धुराची चव लागते. सूर्य सकाळी तांब्याच्या घंगाळाच्या बुडासारखा दिसतो. दुपारी अचानक ढग येतात, आभाळ कडाडून कोसळतं आणि तासाभरात सगळं धुतलेलं. मग त्या धुतलेल्या हवेत उत्तरेकडून पक्षी उतरतात. चिलखे, तुतवार, मधुबाज, वेडे राघू. हा माझा ऋतू होता. गेल्या वर्षीपर्यंत एकटीचा होता.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत आई दुर्बीण घ्यायला निघाली. माझ्यासारखी पक्षी बघायची नव्हे, अंतर मोजणारी. कारण माझी आई हरणाची शिकार करते.

बघा, लिहिलं. वर्षभर हे वाक्य मी कुठे नीट म्हणू शकलेले नाही. मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे आणि आमची पत्रकं मीच लिहिते, इंग्रजीत. पत्रक लिहायला मला हुई मिनने शिकवलं. ती गटातली सगळ्यात जुनी, माझी मैत्रीण. तिचा नियम असा की एका पत्रकात एकच संताप. दोन संताप घातले की माणूस कागद दुमडून खिशात घालतो. आणि ‘पण’ हा शब्द पत्रकात येता कामा नये. आईची गोष्ट पत्रकात मावत नाही ती त्यामुळेच. तिच्यात संताप पुष्कळ आहेत, आणि ‘पण’ त्याहून जास्त.

म्हणून हे मराठीत लिहितेय. घरची गोष्ट घरच्या भाषेत.

आई मूळची सोलापूरची. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा, डब्यात भाकरी. मी दूधसुद्धा घेत नाही, तर माझ्यासाठी नारळाच्या दुधाची कढी तिने स्वतः करून करून जमवली, आणि ती आता खऱ्या कढीपेक्षा बरी होते. अशी बाई. काही वर्षांपूर्वी ऑफिसने सगळ्यांना गंमत म्हणून शूटिंग रेंजवर नेलं. बाकीच्यांनी सेल्फी काढले. आईने कागदावर एका भोकाच्या आसपास बाकीची सगळी भोकं पाडली. शिकवणाऱ्याने विचारलं, मॅडम, आधी कधी? आई म्हणाली, आधी कधीच नाही. मग ती तिथे जातच राहिली. बाबा पाहुण्यांना ते भोकं पडलेले कागद कौतुकाने दाखवायचे. मीही काही बोलले नाही. कागदाला दुखत नाही.

आणि मग एका रविवारी कोथिंबीर निवडता निवडता ती म्हणाली, “मी मार्चमध्ये न्यूझीलंडला जातेय. लिम अंकलच्या ग्रुपबरोबर. हरणाच्या शिकारीला.”

लिम अंकल म्हणजे तिच्या क्लबमधले एक निवृत्त गृहस्थ. वाढदिवसाला आम्हाला इथला हिरवा पांदान केक पाठवतात. मला आधी वाटलं, ती चेष्टा करतेय. पण तिने एक पिवळं पान बाजूला काढलं आणि पुढे म्हणाली, “त्याच्यासाठी दुर्बीण घ्यायचीय, अंतर सांगणारी. चांगलीच घ्यायची, पुन्हा पुन्हा नाही. तुला कळतं ना त्यातलं. जरा बघून दे.”

जरा बघून दे! इथल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी वस्तू एकट्याने घेत नाही. ज्याला ज्यातलं कळतं त्याच्या गळ्यात ते पडतं. फ्रिज असेल तर सेरंगूनच्या जोशीकाका-टाइप कुणीतरी, शाळा असेल तर अमक्याची बायको, फ्लॅटचा मजला असेल तर तमका. दुर्बिणीतलं मला कळतं. म्हणून हरीण मारायची दुर्बीण मी बघून द्यायची. मी इतकी सुन्न झाले की पहिलं वाक्य तोंडातून आलं ते हे, “तुला चष्मा न काढता पूर्ण दिसेल अशी आयपीस लागेल.” जीभ आधी बोलली. डोकं मागून आलं, आणि मग मी ओरडले.

काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. “तू खुनी आहेस” इथपर्यंत गेले होते. बाबा टीव्हीचा आवाज वाढवत होते.

“बाबा, तुम्ही काहीतरी बोला!”

“मी काय बोलू? तिच्याकडे बंदूक आहे.”

“बाबा!”

“बरं, नाहीये. तिथे भाड्याने मिळते म्हणे.” आणि मग हळूच म्हणाले, “पुण्याला कळवू नकोस हं कुणाला. आत्या विचारेल. मी ट्रेकिंग सांगणार आहे.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर आईने माझं पत्रक टेबलावर ठेवलं. हौशी शिकारीवरचं. माझंच. त्यावर पाय मोडलेल्या हरणाचा फोटो होता, आणि तो फोटो कापून मोठा मीच केला होता.

“हे चूक आहे,” ती म्हणाली. हिशेबात चूक सापडल्यावर तिचा जो आवाज होतो, तो. “तू लिहिलंयस, शिकारीतलं प्रत्येक जनावर तडफडून मरतं. प्रत्येक नाही. नेम चुकला की तडफडतं. अंतर चुकलं की नेम चुकतो.”

“मग?”

“मग माझं अंतर चुकू नये म्हणून मदत कर. तुला तडफडणं नको आहे ना?”

माझ्याच कागदात मला गुंडाळलं तिने. मी म्हटलं, “मारूच नकोस, म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही.” तर ती म्हणाली की तिकडे हरणं मुळात नव्हतीच, माणसांनी बाहेरून आणून सोडली. आता ती बेसुमार वाढलीत, जंगल खातात, तिथल्या पक्ष्यांचा निवारा जातो. “तुझेच पक्षी,” ती म्हणाली.

“बाहेरून आली, वाढली, सगळं खाऊन टाकतात. आई, हे वाक्य कुणी आपल्याबद्दल म्हणालं तर?”

आईने चष्मा काढून पुसला. आमच्याकडे इथलं पर्मनंट रेसिडेन्स आहे. ते मिळायच्या आधीची वर्षं तिला आठवली असणार. पण पत्रकही उचललं नाही आणि बेतही बदलला नाही.

मी हो म्हटलं ते तिला थांबवता येईल म्हणून. जवळ राहिलं की थांबवता येतं, असं हुई मिन म्हणते.

लिम अंकलनी दोन दुर्बिणी वापरून बघायला दिल्या, एक स्वतःची, एक त्यांच्या मित्राची. आईने आल्या आल्या नावं ठेवली. जड, काळी, मान दुखवणारी ती जाडी. हलकी, करड्या रंगाची, हातात मऊ बसणारी ती सडपातळ. आई सडपातळच्या प्रेमातच पडली. “स्थळ बघायला गेल्यावर कसं, पहिल्या नजरेत कळतं,” म्हणाली. मी तिला म्हटलं, माझ्या बाबतीत हा नियम लावू नकोस म्हणजे झालं.

त्या दुर्बिणी हातात घेईपर्यंत मी वर्षानुवर्षं स्वतःला दुर्बिणीतली तज्ज्ञ समजत होते. काच मला कळते. कडा किती स्वच्छ, झाडाच्या सावलीतला रंग किती खरा, एसीतून बाहेर आल्यावर किती वेळ धुकं बसतं. पण ह्यांच्यात वर एक बटण असतं. ते दाबलं की डोळ्यासमोर लाल वर्तुळ उमटतं. वर्तुळ ज्याच्यावर धराल त्याच्यावर एक न दिसणारा किरण जाऊन आपटतो, परत येतो, आणि चित्राखाली आकडा पेटतो. इतके मीटर. तेवढ्यावर थांबत नाही. चढ आहे की उतार, ते बघून सरळ अंतर वेगळं काढतं. हवेचा दाब, गारवा मोजतं. आईने मोबाइलमध्ये गोळीचं वजन आणि वेग भरला, आणि दुर्बीण तिला सांगू लागली, बंदुकीवरची चकती इतकी फिरव. हे सगळं इतकं सुबक, इतकं शांत! कुठे रक्ताचा थेंब नाही. मी माझ्या दुर्बिणीतून पक्षी बघते तेव्हा पक्षी दिसतो. हिच्यातून जे दिसतं त्याच्या छातीवर आधीच एक लाल गोल असतो.

हे कळल्यावर मी दुर्बीण कॉरिडॉरच्या कठड्यावर ठेवली आणि आत जाऊन पाणी प्यायले.

बाहेर आई समोरचा ब्लॉक मोजत होती. सगळा. आता समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूवर कपडे वाळत असतात. सकाळी सकाळी एक बाई दुर्बीण लावून तिकडे बघतेय, बटण दाबतेय, पुटपुटतेय. काय होणार? थोड्या वेळाने लिफ्ट उघडली आणि एक चिनी आजीबाई तरातरा आल्या.

“एक्सक्यूज मी आह! यू लुक माय हाऊस फॉर व्हॉट?”

“नो नो, आंटी,” आई म्हणाली. “ओन्ली मेझरिंग.”

“मेझर व्हॉट? माय अंडरवेअर आह?”

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने शांतपणे सडपातळ त्यांच्या हातात दिली, बटण दाखवलं. आजीबाईंनी आपलं घर शोधलं, बटण दाबलं, आणि राग कुठल्या कुठे गेला. “वाह, सो क्लिअर! माय हजबंड स्टिल स्लीपिंग, लाह!” मग परत देताना म्हणाल्या, “फॉर बर्ड, इझ इट?”

“फॉर डिअर,” आई म्हणाली.

आजीबाईंनी खाली बघितलं. कार पार्क, मुलांची घसरगुंडी, कबुतरांना खायला घातलंत तर दंड होईल असा फलक. “हौगांग व्हेअर गॉट डिअर?” म्हणाल्या आणि मान हलवत गेल्या. त्या क्षणी ह्या देशात मला सगळ्यात जवळची वाटलेली व्यक्ती त्याच होत्या. मीही तेच विचारत होते. इथे कबुतराला पाव टाकला तर दंड. बंदूक घरात सापडली तर काय, विचारायलाच नको. आणि अशा ह्या धुतल्यापुसल्या मजल्यावर, तुळशीच्या कुंडीशेजारी, माझी आई एका हरणाच्या खांद्याचं अंतर काढायचा सराव करतेय.

खंडेनवमी त्याच आठवड्यात आली. आमच्याकडे पाटावर दर वर्षी तेच असतं. विळी, बाबांचा लॅपटॉप, आईचा कॅल्क्युलेटर, पेचकस, आणि शाळेत असल्यापासून माझी दुर्बीण. लिटल इंडियातून आणलेला झेंडू. आईने हळदकुंकू लावता लावता जाडी आणली आणि माझ्या दुर्बिणीशेजारी ठेवली. मी ती उचलली.

“हे पूजेत नाही. हे शस्त्र आहे.”

“अगं बाई, खंडेनवमीला शस्त्रंच पूजतात.”

एवढी वर्षं त्या दिवशी फूल वाहिलं आणि ही साधी गोष्ट कधी मनातच आली नव्हती. कॅल्क्युलेटर आणि लॅपटॉप हे पाहुणे आहेत. पाट मुळात तलवारींचा होता. तरी मी ती दुर्बीण सोफ्यावर नेऊन ठेवली आणि तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं. बाबांनी घंटा जरा जास्तच वाजवली.

पुढच्या शनिवारी मी तिला लोरोंग हालुसच्या पाणथळीवर नेलं. कॉरिडॉरमधून पुन्हा मोजायची सोय नव्हती, आजीबाईंनी आता आणखी दोन शेजारणी आणल्या असत्या. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, तरी धूर पूर्ण गेला नव्हता. पाण्याकाठी माणसाएवढं लालांग गवत, त्याच्या पलीकडे पाण्यात लाकडी खांब. तिथले खांब मला पाठ आहेत. दर ऋतूत आम्ही पक्षी मोजतो ते त्या खांबांवरून. कुठला खांब किती लांब, हे मी झोपेत सांगेन.

आई बाकावर बसली होती. घाम पुसत होती. मी म्हटलं, “एकदा खरं सांग. का?”

मला वाटलं, पुन्हा जंगलाचं, पक्ष्यांचं सांगेल. तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं.

“जत्रेला बोकड कापायचे ना आमच्याकडे,” ती म्हणाली. “मागच्या अंगणात. तो आणलेला असायचा आठवडाभर आधी. पाला मीच घालायची. आणि कापायची वेळ झाली की आप्पा म्हणायचे, पोरींनो आत जा. बायकांनी बघायचं नाही. आत जाऊन बसायचं, दार लोटून. आवाज यायचा. मग दार उघडायचं आणि परात आत यायची. शिजवा.” ती पाण्याकडे बघत होती. “लग्न झालं तरी तेच. इथे तर काय, पॅकेटच. सगळं आयुष्य परातीपासून पुढचं. एकदा मला आत जायचं नाहीये. इतकंच.”

ह्या वाक्यावर पत्रक लिहिता येत नाही. काहीतरी करायला हवं म्हणून मी सडपातळ उचलली.

दूरच्या एका खांबावर राखी बगळा उभा होता, गळा खांद्यात घालून. मी वर्तुळ त्याच्यावर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका पक्ष्याच्या अंगावर लाल गोल धरला. दाबलं. आकडा आला.

चूक होता. खांब कुठे, आकडा कुठे! पुन्हा दाबलं. दुसराच आकडा, तोही कमीच. जाडी घेतली. जाडीने बरोबर खांबाचं अंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा तेच. मग सडपातळ घेऊन मी बगळ्याच्या वर, खाली, बाजूला वर्तुळ सरकवत राहिले, आणि लक्षात आलं. हिचं वर्तुळ एकीकडे, किरण किंचित खाली. डोळ्याला बगळा दिसतो आणि किरण समोरच्या गवताचे तुरे मोजून परत येतो. कॉरिडॉरमध्ये कळलं नव्हतं, कारण तिथे समोर भिंतच. भिंतीला खाली मोजलं काय, वर मोजलं काय!

“काय म्हणतोय बगळा?” आईने बाकावरून विचारलं.

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

आता मी काय करायचं? गप्प बसायचं. सोपं होतं. ती सडपातळवरच भाळली होती, तीच घेणार होती. डोंगरात, गवतापलीकडे हरीण उभं असेल, दुर्बीण गवत मोजेल, अंतर कमी सांगेल, गोळी खाली जाईल. मातीत जाईल. हरीण पळेल. आई हात हलवत परत येईल. किती छान! फक्त गोळीला मातीत जायचं माहीत नसतं. थोडीच खाली गेली तर ती पायात जाईल. गुडघ्यात. मी मोठा करून छापलेला तोच फोटो.

मी नाही म्हणायला आले होते. सगळा ऋतू मी नाहीच म्हणत होते. आणि आता एका हरणाचा पाय माझ्या हातात होता.

“ही नको,” मी म्हटलं.

“का? हलकी आहे चांगली.”

“गवत मोजते ती. किरण खाली जातो. गोळी पायात लागेल.”

आई उठून आली. तिने स्वतः बघितलं, खांबावर, बगळ्यावर, पुन्हा खांबावर. हिशेबनीस बाई, माझ्या शब्दावर थोडीच विश्वास ठेवणार. मग दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून तिने माझ्याकडे कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

“म्हणजे जाडी?”

“म्हणजे घरी बस.”

“ते नाही विचारलं. दोघींतली सांग.”

बगळा उडाला. त्याचे पाय मागे लांब होत गेले. मी म्हटलं, “जाडी.”

आईने नवी कोरी जाडी घेतली. मार्चच्या शेवटी ती गेली. मी विमानतळावर गेले नाही. बाबा सोडायला गेले आणि परत आल्यावर पुण्याला फोन करून आत्याला ट्रेकिंगचं इतकं रंगवून सांगितलं की आत्या म्हणाली, ह्या वयात गुडघे सांभाळ म्हणावं. त्या दिवसांत आम्ही दोघं समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, जेवत होतो. बाबा रोज तेच फिशबॉल नूडल्स घ्यायचे आणि माझ्यापासून लांब बसून खायचे, जणू मला वास येऊ नये. मला वास येत नव्हता. मला सारखं गवत दिसत होतं. डोंगरउतारावरचं, वाऱ्यावर हलणारं, कुणाच्यातरी मधे येणारं गवत.

आई आली. बॅग उघडायच्या आधी चहा टाकला. मी दारात उभी राहून विचारलं, “मारलंस?”

“एक.”

बाबा आतल्या खोलीत गेले.

“पहिल्या दिवशी एक दिसलं होतं समोरच्या डोंगराच्या धारेवर,” ती म्हणाली. “मोठं. जाडीने अंतर सांगितलं, ते माझ्या हिशेबाबाहेर होतं. मी आधीच ठरवलं होतं, ह्याच्या पलीकडे नाही. लिम अंकल म्हणाले, ट्राय लाह. मी दुर्बीण झाकून ठेवली.” चहा उकळला, तिने गॅस बारीक केला. “दुसऱ्या दिवशी उतारावर दिसलं. मादी. गवतात होती, आडवी उभी. तुझ्या जाडीने मोजलं, उताराचा हिशेब करून दिला. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.”

“आणि?”

“होती तिथेच बसली. मान टेकली. आम्ही पोचलो तोवर संपलं होतं.”

“पायात नाही लागली?”

“नाही गं.”

“तू काय केलंस मग?”

“उभी राहिले. हात लावला. गरम होती.” चहा गाळताना तिचा हात स्थिर होता. “रडले. मग लिम अंकलनी डबा काढला आणि मला भूक लागली. जेवले तिथेच. आत नाही गेले मी.”

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. मी वाट बघत होते की आता ओरडेन. आणि माझ्या अंगातून जे सरसरत वर आलं ते म्हणजे हायसं वाटणं. स्वच्छ, मोठं, लाज आणणारं हायसं वाटणं. मी दाराची चौकट धरली. ह्या सगळ्यात मला इतका धक्का कशाचाच बसला नव्हता, आई बंदूक धरते ह्याचासुद्धा नाही. एक हरीण मेलं आणि मला बरं वाटलं, कारण ते नीट मेलं. आणि ‘तुझ्या जाडीने’ म्हणाली ती. तुझ्या.

हुई मिनला मी हे सांगितलं. लपवायचं नव्हतं. तिने कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप हळूच बशीत ठेवला.

“यू चोज इट फॉर हर?”

“हो.”

“सो इट वुड बी क्लीन?”

“हो.”

तिने कप बाजूला सारला. मग म्हणाली, शिकारीवरचं पुढचं पत्रक ती लिहील. प्रेमाने म्हणाली. पाठीवर हात ठेवून म्हणाली. मला अजून ते दुखतं. आणि तिचं बरोबर आहे, एका पत्रकात एकच संताप. माझ्यात आता तो एकटा राहत नाही.

पण हेही लिहिते, कारण कुणी गैरसमज करून घेऊ नये: माझं मत बदललेलं नाही. हौसेसाठी जीव घ्यायचा हक्क कुणालाही नाही. आईलाही नाही. जत्रेतल्या त्या बंद दारामागे बसलेल्या मुलीसाठी माझा जीव तुटतो. दार उघडायला हवं होतं, हे शंभर वेळा खरं. दारापलीकडे जाऊन सुरा हातात घ्यायला हवा होता, हे मला अजून पटत नाही. आई आणि मी ह्यावर वर्षभर भांडतोय. कढी वाढता वाढता, लिफ्टमध्ये, एमआरटीच्या गाडीत उभ्या राहून मराठीत. आजूबाजूच्या कुणाला कळत नाही ते बरं.

काल पुन्हा खंडेनवमी होती. सकाळी धुराचा वास होता, अँटेनावर राघू होते. आईने पाट मांडला. विळी, लॅपटॉप, कॅल्क्युलेटर, पेचकस. माझी दुर्बीण. तिच्या शेजारी एक जागा मोकळी. आई झेंडूची फुलं मोजून ठेवत होती. पण ती जागा सोडून ठेवली होती, आणि माझ्या दुर्बिणीहून जरा मोठी होती.

“लिम अंकलनी पुन्हा बोलावलंय का?” मी विचारलं.

“बोलावलंय.”

“पूजेत नाही ठेवायची.”

“बरं.”

“आणि जाऊ नकोस.”

“ऐकलं.”

ऐकलं म्हणजे ऐकलं. हो नव्हे.

मी तिच्या कपाटाशी गेले. जाडी कपड्यांच्या घडीखाली होती, तिच्या पट्ट्याला दमट वास येत होता. ह्या हवेत काच अशी ठेवतात का? एक वर्ष बंद कपाटात राहिली की आत बुरशीचे धागे पसरतात, मग सगळं धूसर दिसतं, आणि धूसर काचेतून एखादी बाई उतारावर उभ्या जिवाकडे बघते. मी बॅटरीचं झाकण उघडलं. मार्चपासून आतच होती. काढली. काच पुसली. जाडी माझ्या खोलीत नेली आणि दमटपणा शोषणाऱ्या माझ्या ड्राय बॉक्समध्ये, जिथे माझी पक्ष्यांची दुर्बीण असते तिथे ठेवली. पूजा होईपर्यंत तो कप्पा रिकामाच होता.

बाहेर बाबांनी घंटा वाजवायला घेतली होती. पाटावरची जागा तशीच मोकळी होती. मी आईशेजारी उभी राहिले, फूल वाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हटलं, “जुनी बॅटरी काढलीय. गेलीसच तर नवी घाल. आणि एक जास्तीची स्वेटरच्या आत, अंगाजवळ ठेव. थंडीत दगा देते.”